साडेतेरा की साडेचौदा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत गर्भाच्या मेंदूवर पानभर लेख होता. ‘आईचा प्रत्येक विचार बाळाच्या जनुकांवर खूण सोडतो आणि ती खूण आयुष्यभर पुसत नाही’ हे वाक्य वर ठळक अक्षरांत छापलं होतं. खाली ‘एपिजेनेटिक्स’ (डीएनएची अक्षरं न बदलता त्यावर लागणाऱ्या खुणांचा अभ्यास) हा शब्द मी मोजला, अकरा वेळा आला. पण गोष्ट कोणत्या पेशींची चालली आहे आणि गर्भ किती दिवसांचा असतानाची, हे एकदाही आलं नाही.

एरवी असे लेख मी वाचते आणि पान उलटते. या वेळी पत्र लिहायला बसले ते भाचीच्या फोनमुळे. तिला सहावा महिना आहे. मधले काही आठवडे तिचे फार ओढाताणीत गेले, कारण इथे सांगण्याची गरज नाही. रात्री साडेदहाला फोन आला. “मावशी, त्या दिवसांत मी इतकी रडले, बाळाच्या मेंदूवर त्याचे डाग पडले असतील का गं?” डाग हा शब्द तिचा. पण तो तिच्या मनात पेरला तुमच्या त्या पानाने.

मी शास्त्रज्ञ नाही, हे आधीच सांगून टाकते. एका प्रयोगशाळेत एकोणतीस वर्षं तंत्रज्ञ होते. काम एकच. उंदराच्या गर्भाचे मेंदू काढायचे, गोठवायचे, क्रायोस्टॅट या थंड कापणी-यंत्रावर १४ मायक्रॉनचे सेक्शन, म्हणजे पातळ काप, घ्यायचे, स्लाइडवर चढवायचे आणि अँटिबॉडी लावून रंगवायचे. माणसाचा केस सत्तर-ऐंशी मायक्रॉनचा धरला तर एका केसाच्या जाडीत माझे पाच सेक्शन बसतील. शोधनिबंधांवर नावं साहेबांची आणि विद्यार्थ्यांची, आमचं आलंच तर शेवटी आभारात. त्याची तक्रार नाही. पण तोच मेंदू अकराव्या दिवशी, तेराव्या दिवशी, सतराव्या दिवशी पुन्हा पुन्हा पाहिलेल्या बाईला त्या लेखात नेमकं काय नाही ते चटकन दिसतं. त्यात दिवस नाही.

अकराव्या दिवशी उंदराच्या गर्भाचा मेंदू म्हणजे पातळ भिंतीची, आत पाणी भरलेली पिशवी असते. ती भिंत जवळजवळ सगळी मूळपेशींची, म्हणजे ज्यांना तुम्ही ‘स्टेम सेल’ छापता त्यांची. प्रत्येक पेशी भिंतीच्या आतल्या काठापासून बाहेरच्या काठापर्यंत ताणलेली. तिचं केंद्रक या लांबोड्या शरीरात खाली-वर जात राहतं. डीएनएची नक्कल करायला आतल्या काठापासून दूर जातं आणि विभाजनासाठी काठाशी परत येतं. जुन्या लोकांना इथे वेगवेगळ्या पेशींचे अनेक थर आहेत असं वाटायचं. ती एकाच प्रकारच्या पेशींची केंद्रकं वेगवेगळ्या उंचीवर पकडलेली आहेत, हे सॉअर यांनी १९३५ साली ओळखलं. विभाजन होणाऱ्या पेशींचा रंग लावला की स्लाइडवर आतल्या काठाशी ठिपक्यांची एक ओळ उमटते. ती ओळ पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, रंग सांडला की काय.

पुढे या मूळपेशी एक मुलगी स्वतःसारखी ठेवतात आणि दुसरी बाहेर पाठवतात. बाहेर जाणारी चेतापेशी आईच्याच लांब धाग्याला धरून वर चढते. माकडांच्या मेंदूत हे चढणं पास्को राकिच यांनी १९७२ मध्ये दाखवलं. आणि चढतानाचा क्रम उलटा असतो. आधी जन्मलेल्या खालच्या थरात थांबतात, नंतरच्या त्यांना ओलांडून वर जातात. हे १९६१ साली किरणोत्सारी थायमिडीन टोचून अँजेव्हिन आणि सिडमन यांनी उंदरात सिद्ध केलं होतं. चेतापेशींचं काम आटोपत आलं, उंदरात साधारण सतरा-अठराव्या दिवशी, की त्याच मूळपेशी वेगळंच काही घडवू लागतात: ग्लिया, म्हणजे चेतापेशींना सांभाळणाऱ्या पेशी. त्यात ताऱ्यासारख्या फाकलेल्या ॲस्ट्रोसाइट मुख्य. २०१४ च्या एका मोजणीत उंदराच्या कॉर्टेक्समधली, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरातली, एक मूळपेशी सरासरी आठ-नऊ चेतापेशी देते आणि अशा सहांतली साधारण एक पुढे ग्लियाकडे वळते, असं दिसलं.

आधी चेतापेशी, मग ग्लिया. एकोणतीस वर्षांत मी हा क्रम उलटा कधी पाहिला नाही. त्याहून नवल म्हणजे अशी एक मूळपेशी उचलून प्रयोगशाळेतल्या बशीत एकटी ठेवली, आई नाही, मेंदू नाही, शेजारी नाही, तरी ती आधी चेतापेशी देते आणि मग ग्लिया. हे २००० साली प्रसिद्ध झालं. म्हणजे मोजदादीचा बराच भाग पेशीच्या आतच चालतो. पण आत सगळ्या पेशींचा डीएनए तर सारखाच. मग आज अकरावा दिवस आहे की सतरावा, हे पेशी कुठे लिहून ठेवते?

एपिजेनेटिक्स इथे येतं. हा शब्दही गर्भाच्याच अभ्यासातून आला. कॉनरॅड वॉडिंग्टन यांनी तो १९४२ मध्ये वापरला, डीएनएची रचना कळायच्या अकरा वर्षं आधी. एकाच सुरुवातीतून निरनिराळे अवयव कसे घडतात हा त्यांचा प्रश्न होता. विचारांच्या सामर्थ्याचा त्याच्याशी संबंध नव्हता.

एका केंद्रकात सुमारे दोन मीटर डीएनए असतो. तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या गोळ्यांभोवती गुंडाळलेला असतो, एका गोळ्यावर १४७ अक्षरं, पुरते दोनही नाहीत इतके वेढे. डीएनएच्या ‘सी’ या अक्षरावर मिथाइल गट चिकटवता येतो. हिस्टोनच्या बाहेर लोंबणाऱ्या शेपटांवरही मिथाइल किंवा ॲसिटाइल गट चिकटवता येतात. मिथाइल म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, बस. याहून लहान चिठ्ठी लिहिणं कुणाला जमलं नसतं. या चिठ्ठ्यांवरून ठरतं की डीएनएचा कुठला भाग वाचायला उघडा आहे आणि कुठला बांधून ठेवलेला. मूळ अक्षरं तशीच राहतात.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट जपानमधल्या एका गटाने २००१ साली दाखवली. ॲस्ट्रोसाइटमध्ये जीएफएपी नावाचं प्रथिन असतं, आम्ही ते रंगवून ॲस्ट्रोसाइट ओळखायचो. त्याच्या जनुकाशेजारी एक जागा आहे, तिथे स्टॅट-३ हे प्रथिन येऊन बसलं की जनुक चालू होतं. साडेअकरा दिवसांच्या मूळपेशीत त्या जागेतल्या एका ‘सी’वर मिथाइल असतो. तो असताना स्टॅट-३ ला तिथे बसता येत नाही. बाहेरून ॲस्ट्रोसाइट व्हायचा कितीही आग्रह करा, पेशी ऐकत नाही. साडेचौदाव्या दिवसापर्यंत तो मिथाइल बऱ्याच पेशींतून निघून गेलेला असतो आणि आता तोच आग्रह चालतो. एक अक्षर, तीन दिवस. मी ते वाचून माझ्या जुन्या स्लाइड्स काढून बसले होते. साडेबारा दिवसांच्या मेंदूवर जीएफएपीची अँटिबॉडी लावून काही दिसत नाही म्हणून मी एकदा दोन दिवस अँटिबॉडीलाच दोष दिला होता. ती बिचारी बरोबर होती.

तुमचं ठळक वाक्य म्हणतं की खूण आयुष्यभर पुसत नाही. मेंदू घडतो तोच मुळी खुणा वेळेवर पुसल्या जातात म्हणून. ही खूण पुसली नाही तर ॲस्ट्रोसाइट होणारच नाहीत. आणि वेळेआधी पुसली तर? मिथाइलच्या खुणांची नक्कल पुढच्या पेशीत उतरवणारं डीएनएमटी-१ नावाचं प्रथिन आहे. ते उंदराच्या मूळपेशींतून काढून टाकल्यावर ॲस्ट्रोसाइट वेळेआधी तयार होऊ लागले, हे २००५ मध्ये दिसलं.

आणखी एक गंमत आहे. हा मिथाइल काढायचा निरोप कोण देतं? २००९ च्या कामावरून कळलं की नुकत्याच जन्मलेल्या चेतापेशीच देतात. त्यांच्या अंगावर नॉच नावाच्या यंत्रणेला चेतवणारी प्रथिनं असतात. मागे राहिलेल्या मूळपेशींना त्यांचा स्पर्श झाला की त्या मूळपेशींत एनएफआयए नावाचं प्रथिन वाढतं आणि जीएफएपीच्या जनुकावरचा मिथाइल निघायला लागतो. म्हणजे मुली पुरेशा झाल्या की त्याच आईला सांगतात, आता आमची संख्या राहू दे, आमच्याकडे बघायला कुणीतरी घडव.

आता माझ्या चुकीबद्दल. ही मी कुणाला लिहून कधी सांगितलेली नाही.

उंदराच्या गर्भाचं वय आम्ही प्लगवरून मोजायचो. रात्री नर-मादी एकत्र ठेवले की सकाळी मादीमध्ये मिलनाची खूण, पांढरट खडा, दिसतो. तो प्लग. ज्या दिवशी तो दिसला त्या दिवसाची दुपार म्हणजे अर्धा दिवस. म्हणून सगळी वयं साडेनी सुरू होतात: साडेअकरा, साडेबारा, साडेतेरा. मराठीत मोजायला फार सोयीचं पडायचं. परदेशी पाहुण्यांना आमचं ‘साडे’ कळायचं नाही आणि समजावताना मजा यायची.

त्या वेळी आमच्याकडे पॉलिकोमवर काम चालू होतं. हे नाव फळमाशीवरून आलं आहे. नराच्या पुढच्या पायांवर कंगव्यासारखे केस असतात, हे जनुक बिघडलं की मागच्या पायांवरही कंगवे उगवतात. १९४७ साली पामेला लुईस यांनी ती माशी नोंदवली. पॉलिकोमची प्रथिनं हिस्टोनच्या शेपटावर ठरावीक जागी मिथाइल लावून जनुकं बांधून ठेवतात. हे काम करणारं मुख्य प्रथिन ईझेडएच-२. त्यात बदल केलेल्या उंदरांचा कॉर्टेक्स साध्या उंदरांहून वेगळा घडतो का, एवढंच बघायचं होतं.

नेहमी एकाच विणीतली पिल्लं शेजारी-शेजारी ठेवून तुलना करायची असते. त्या वेळी बदललेल्या विणीत साधी पिल्लं निघालीच नाहीत, म्हणून साधी दुसऱ्या विणीतून घेतली. दोन्ही साडेतेराची. सेक्शन कापले, रंगवले, आणि बदललेल्या मेंदूत चेतापेशींचा थर चांगला जाड दिसला. प्रयोग करणारा विद्यार्थी हरखून गेला. साहेब स्वतः सूक्ष्मदर्शकापाशी येऊन बसले, आणि ते फारसे यायचे नाहीत. तीन दिवस प्रयोगशाळेत सणासारखं वातावरण होतं.

चौथ्या दिवशी मी डब्या धुवायला घेतल्या. मेंदू काढून घेतलेली गर्भांची शरीरं फिक्सेटिव्हमध्ये ठेवलेली होती. सहज पुढचे पंजे पाहिले. साध्या पिल्लांच्या बोटांमध्ये अजून पडदा होता. बदललेल्यांची बोटं टोकाशी सुटी झाली होती. बोटं सुटी होतात साडेचौदाला. पिंजऱ्यावरचं कार्ड काढून पाहिलं. प्लग शनिवारी दिसला होता, मी रविवारी नोंद पाहून रविवारपासून मोजलं होतं. जो थर आम्ही जनुकाचा परिणाम समजत होतो तो एका दिवसाचा परिणाम होता.

साहेबांना सांगायला जाताना पाय जड झाले होते. ते काही बोलले नाहीत. खिडकीबाहेर बघत म्हणाले, “बरं झालं, बोटं ठेवलीत.” त्यानंतर मी प्रत्येक गर्भाचे पंजे पाहिल्याशिवाय मेंदू कापला नाही. आणि त्या स्लाइडच्या डब्यावर ‘साडेतेरा’ खोडून ‘साडेचौदा’ लिहिलेलं निवृत्तीपर्यंत तसंच ठेवलं.

पॉलिकोमचं खरं उत्तर इतर प्रयोगशाळांतून आलं आणि तेही वेळेचंच निघालं. चेतापेशी तयार व्हायला लागण्याच्या आधीच ईझेडएच-२ काढलं तर मूळपेशी स्वतःची संख्या वाढवायचं सोडून घाईने चेतापेशी बनवायला लागतात, भांडवल लवकर संपतं आणि शेवटी चेतापेशी कमी पडतात. हे २०१० मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच्या आदल्या वर्षी दुसऱ्या गटाने पॉलिकोम उशिरा काढून पाहिलं होतं, चेतापेशींचं काम रंगात असताना. तिथे उलट झालं. मूळपेशी चेतापेशी बनवतच राहिल्या आणि ॲस्ट्रोसाइट लांबले, कारण चेतापेशी घडवणारं जनुक वेळेवर बांधून ठेवणारं कुणी उरलं नव्हतं. तेच प्रथिन, तीच खूण, तोच मेंदू. काढलं कधी, त्यावर परिणाम ठरला. म्हणून लेखातले ‘चांगल्या खुणा’ आणि ‘वाईट खुणा’ हे शब्द वाचून मला कसंतरीच झालं. जीएफएपीजवळची जी खूण साडेअकराला हवी असते तीच साडेसतराला अडचण होते. तिला चांगली-वाईट कशी म्हणणार?

या खुणा दगडावरच्या रेघाही नाहीत. जिनिव्हातल्या संशोधकांनी पंधराव्या दिवसाच्या मूळपेशी काढून बाराव्या दिवसाच्या मेंदूत सोडल्या. त्या पुन्हा खालच्या थराच्या, म्हणजे आधीच्या वेळेच्या, चेतापेशी देऊ लागल्या. हे २०१९ चं. बशीत एकटी असताना पुढे जाणारी पेशी तरुण शेजाऱ्यांत मागे येऊ शकते. यातलं अजून सगळं उलगडलेलं नाही आणि मला त्यात फार पुढचं बोलायचा अधिकार नाही. पण २०२४ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली, ती राहवत नाही म्हणून लिहिते. माणसाच्या चेतापेशी उंदराच्या मानाने फार सावकाश पिकतात, आठवड्यांऐवजी महिने आणि वर्षं घेतात. या सावकाशीचं वेळापत्रक मूळपेशी असतानाच एपिजेनेटिक खुणांनी ठरलेलं असतं. संशोधकांनी बशीतल्या मानवी मूळपेशींतलं ईझेडएच-२ थोडा वेळ औषधाने रोखलं, तर त्यांच्यापासून झालेल्या चेतापेशी लवकर पिकल्या. लवकर पिकणं म्हणजे हुशारी असं कुणी समजू नये. माणसाचा मेंदू सावकाश पिकतो म्हणूनच त्याला शिकायला वेळ मिळतो, असं पुष्कळ अभ्यासकांना वाटतं.

मग बाहेरच्या जगाचा गर्भाच्या मेंदूवर काहीच परिणाम होत नाही का? होतो, आणि तो लेखात यायला हवा होता. फॉलिक ॲसिडचं उदाहरण घ्या. मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यातून घडतात त्या नळीचा दोष ज्यांच्या आधीच्या गर्भात होता अशा १,८१७ स्त्रियांवर सात देशांत चाचणी झाली. रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिडने तो दोष पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. निकाल १९९१ चा. फॉलिक ॲसिडमधून शरीराला मिथाइल गट मिळतात, म्हणून काहींनी लगेच त्यावर एपिजेनेटिक्सची पाटी लावली. पण तेच जीवनसत्त्व डीएनएचे सुटे भाग बनवायलाही लागतं, आणि झपाट्याने वाढणाऱ्या पेशींना ते भाग तितकेच हवे असतात. शिवाय नळी बंद होते ती गर्भधारणेपासून २८ दिवसांच्या आत, पुष्कळ जणींना दिवस गेल्याचं कळायच्या आधी. म्हणूनच ती गोळी आधीपासून घ्यायला सांगतात. दिवस इथेही आहेच.

दुसरं उदाहरण कडू आहे. ‘एपिजेनेटिक औषधांनी’ उद्या बाळाचा मेंदू अधिक तल्लख करता येईल, असं तुमच्या लेखकाने शेवटून दुसऱ्या परिच्छेदात सुचवलं आहे. हिस्टोनवरच्या खुणांमध्ये ढवळाढवळ करणारं औषध गर्भापर्यंत पोचल्याचा अनुभव जगाला आधीच आहे. व्हॅल्प्रोएट, फिट्सवरचं जुनं आणि गुणकारी औषध. ते हिस्टोनवरचे ॲसिटाइल गट काढणारी एन्झाइम्स रोखतं, हे २००१ मध्ये कळलं. गर्भारपणात ते घेतलेल्या आयांच्या मुलांत शारीरिक व्यंगांचं प्रमाण शंभरात दहाच्या आसपास आढळतं आणि बोलणं, शिकणं, वागणं यांतल्या अडचणी शंभरात तीस ते चाळीस जणांपर्यंत. यातला किती भाग हिस्टोनमुळे आणि किती इतर वाटांनी, ते वेगळं. पण गर्भाच्या मेंदूतल्या या खुणा सरसकट हलवल्या की तल्लख मूल मिळतं, असं तरी कुणी यावरून म्हणणार नाही. एक मात्र ठळक अक्षरांत छापा: हे औषध चालू असलेल्या कुणीही पत्र वाचून ते आपल्या मनाने बंद करू नये. अचानक थांबवल्याने येणारी फिट आईला आणि बाळाला दोघांनाही धोक्याची. मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांशी बोलावं, दुसरी औषधं असतात.

दारू, काही विषाणू, उपासमार, यांचेही परिणाम होतात. २०१५-१६ मधल्या झिकाच्या साथीत लहान डोक्याची मुलं जन्मली, कारण तो विषाणू मेंदूच्या मूळपेशींतच शिरतो आणि त्यांना मारतो. उपासमारीचं उदाहरण लेखात होतं, नेदरलँड्समधल्या १९४४-४५ च्या हिवाळ्याचं. त्या दुष्काळात गर्भधारणा झालेल्यांच्या रक्तात साठ वर्षांनी एका जनुकावर मिथाइल किंचित कमी आढळले, भावंडांशी तुलना करून, हे २००८ मध्ये आलं. पण लेखकाने दोन गोष्टी गाळल्या. तिथे लोक दिवसाला हजाराहूनही कमी कॅलरीवर महिनोन्महिने जगत होते. आणि तपासलं होतं रक्त.

हे रक्ताचं मला जरा सविस्तर सांगायचं आहे. आईचा ताण आणि बाळावरच्या खुणा यांबद्दल माणसांवर जे अभ्यास आहेत त्यांत बहुतेक ठिकाणी नाळेचं रक्त, वार किंवा मुलाची लाळ तपासलेली असते. दुसरं काय तपासणार? जिवंत बाळाच्या मेंदूचा सेक्शन कुणी घेत नाही आणि घेऊही नये. पण खुणांचं सगळं मर्मच हे की त्या पेशीगणिक वेगळ्या असतात. म्हणून तर एकाच डीएनएपासून यकृतही होतं आणि मेंदूही. रक्तातल्या पेशीवर अमुक ठिकाणी मिथाइल कमी दिसला यावरून चार महिन्यांच्या गर्भाच्या कॉर्टेक्समधल्या मूळपेशीत काय झालं, हे मला तरी सांगता येणार नाही. ज्याला सांगता येतं त्याची स्लाइड मला बघायची आहे. ताण चांगला असतो असं मी म्हणत नाही. गर्भार बाईला आधार मिळायलाच हवा, तो तिच्या स्वतःसाठी मिळायला हवा. पण ‘प्रत्येक विचार खूण सोडतो’ हे कुणी मोजलेलं नाही.

खुणा लावणारी-पुसणारी प्रथिनंच बिघडली तर काय होतं, हे मात्र माणसांत नीट माहीत आहे. काबुकी सिंड्रोम या जन्मजात विकाराचं मुख्य जनुक २०१० मध्ये सापडलं, ते हिस्टोनवर मिथाइल लावणारं प्रथिन बनवतं. कॉफिन-सिरिस सिंड्रोम या तशाच दुसऱ्या विकारात डीएनएची गुंडाळी सरकवणाऱ्या प्रथिनांच्या जनुकांत दोष असतो, ते २०१२ मध्ये कळलं. या मुलांना शिकायला जड जातं. आणि बहुतेकांमध्ये हा बदल आई-वडिलांत नसतो, नव्यानेच घडलेला असतो, डीएनएची नक्कल होताना कुठेतरी अक्षर चुकतं. कुणाच्या रडण्याने नाही, कुणाच्या भांडणाने नाही. अशा एका मुलीची आई आमच्या प्रयोगशाळेत मेंदू बघायला आली होती. स्लाइड पाहून झाल्यावर तिने हळूच विचारलं, “मी काय केलं असतं तर हे टळलं असतं?” साहेब म्हणाले, “काहीही नाही.” तिने ते दोनदा म्हणवून घेतलं. आपल्या पुरवणीतला लेख तिच्याही घरी आला असेल, हे मनातून जात नाही.

माझं मागणं लहान आहे. ते ठळक वाक्य चुकीचं होतं, असं त्याच पुरवणीत, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापा. आणि पुढच्या वेळी हा शब्द घेऊन कुणी आलं तर छापण्याआधी त्यांना विचारा: कुठली पेशी, कितवा दिवस, कुठल्या प्राण्यात, किती मात्रा. चारांपैकी दोन तरी उत्तरं यावीत.

भाचीला त्या रात्री मी एवढं सगळं सांगितलं नाही. डाग-बिग काही नसतात, झोप, एवढंच म्हटलं. काल तिचा परत फोन आला, आवाज बरा होता. म्हणाली, “मावशी, आज त्याच्या मेंदूत काय चाललंय ते सांग.” तिला चोवीस आठवडे झालेत. म्हटलं, कॉर्टेक्सच्या चेतापेशी बहुतेक जन्मून झाल्यात, काही अजून वर चढतायत, मूळपेशी ग्लियाकडे वळल्यात. वरून मेंदू अजून बराचसा गुळगुळीत आहे, घड्या आता पडत जातील. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “डॉक्टर शेवटच्या पाळीपासून आठवडे धरतात, म्हणजे खरे बावीसच ना? तुम्ही उंदरांचे कुठून मोजायचात?”

म्हटलं, “दुपारी बारापासून.”

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ